झेलण्याजोगा चेंडू

रविवार, ३१ ऑगस्ट

पास झाले. शंभरपैकी एक्क्याण्णव. एकोणपन्नासाव्या वर्षी परीक्षा देऊन पास होण्यात जी मजा आहे ती विसाव्या वर्षी नव्हती, तेव्हा नुसती भीती असायची.

कर्टिसने सगळ्यांसमोर मला पिवळा रुमाल दिला. त्याच्या एका टोकाला वाळूची पुरचुंडी शिवलेली असते, म्हणजे फेकला की भरकटत नाही. मैदानात कुणी चूक केली की पंचाने तो टाकायचा. माझा नवरा निशिकांत म्हणाला, "आता घरात टाकत बसू नकोस म्हणजे झालं."

वही ठेवायची कल्पनाही कर्टिसचीच. तो मूळचा अमेरिकेतला, इथे शाळेत खेळ शिकवतो. तिकडे अकरा वर्षं कॉलेज फुटबॉलचा पंच होता. तो म्हणतो, प्रत्येक सामन्यानंतर काय पाहिलंत ते लिहा, आणि लगेच लिहा. नाहीतर तुम्ही काय पाहिलं ते लोक तुम्हाला सांगायला लागतात.

मी यात कशी पडले, तर माझ्या मुलीमुळे, इरामुळे. ती विद्यापीठाच्या संघातून फ्लॅग फुटबॉल खेळते. अमेरिकन फुटबॉलचाच हा सौम्य भाऊ. इथे अंगावर झेपावून पाडायचं नाही, समोरच्याच्या कमरेची पट्टी ओढली की ती चाल संपली. पहिल्या वर्षी मी नुसती संत्र्याच्या फोडी घेऊन जायचे. मग कुणीतरी हातात स्टॉपवॉच दिलं. आमची लीग छोटी. आमचे नियम जिथे गप्प असतात तिथे अमेरिकन कॉलेजचं नियमपुस्तक बघायचं, असं ठरलेलं आहे. ते मी दोनदा वाचलं. नियम वाचणं हेच माझं काम; बँकेत कंप्लायन्समध्ये बावीस वर्षं गेली.

दर रविवारी सकाळी बुओना व्हिस्टाला कर्टिसच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये आमचा वर्ग असतो. तिकडे शनिवारची रात्र असते, त्यामुळे ताजे सामने बघायला मिळतात. आजच्या सामन्यात चेंडू यायच्या आधीच बचाव करणाऱ्याने समोरच्याचा हात धरला. पंचाने रुमाल टाकला, मग चौघं जमले, बोलले आणि रुमाल उचलला. का, तर चेंडू इतका वरून गेला की तो कुणालाच झेलता आला नसता. अनकॅचेबल. जो चेंडू झेलताच येणार नाही, तो झेलताना अडवलं असं कसं म्हणणार?

मला हा नियम फार आवडतो. कर्टिसला मुळीच आवडत नाही. तो म्हणाला, "नंदा, पुस्तकात पुढचं वाक्य वाच. शंका असेल तर चेंडू झेलण्याजोगाच धरायचा."

"पण शंका कुणाची?" मी विचारलं. "शंका नसेलच तर?"

"शंका नसणाऱ्या पंचांची मला भीती वाटते," तो म्हणाला. सगळे हसले. मी पण.

शनिवार, ६ सप्टेंबर

इरा हॉस्टेलवरून जेवायला आली. मी ताटं बाजूला सारून मीठ-मिरीच्या डब्या मांडल्या आणि तिला तो कॉलेजचा सामना समजावला. तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"आई, तू हे सगळं बाहेरून बोलतेस. आत असलं ना की कळतं. चेंडू सुटला की दोन पावलांत कळतं, येणार की नाही."

"दोन पावलांत? कसं?"

"कळतं, लाह." इथली मुलं वाक्यामागे हे 'लाह' जोडतात. "तू पोळी करताना बघतेस का फुगणार की नाही?"

निशिकांत म्हणाला की हा युक्तिवाद मान्य करायला हवा. मी मान्य केला नाही. पोळीला पंच लागत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

इराचा संघ फायनलला. मी तिचे सामने बघते, पण तिथे पंच नसते. लीगच्या फॉर्मवर मी पहिल्याच दिवशी तसं लिहून सही केली होती. ऑफिसात मी लोकांकडून हेच लिहून घेते, तर स्वतः कशी चुकेन?

आज इराने सुंदर अडवलं. तिची उंची कमी, पण पाय फार चपळ. शेजारच्या बाई म्हणाल्या, "युअर डॉटर व्हेरी फिअर्स." मला उगाच वाटलं की माझंच कौतुक झालं.

शनिवार, २० सप्टेंबर

आधी जे पाहिलं ते लिहिते, मग फोन उघडते.

फायनल चार वाजता. दहा मिनिटं आधी वीज पडण्याचा धोका सांगणारा भोंगा वाजला आणि सगळे शेडखाली. पाऊस नाही, नुसतं काळं आभाळ. सव्वा तास तसाच गेला. मुख्य पंचाला विमान गाठायचं होतं, तो निघून गेला. कर्टिस जकार्ताला. लीगचा सेक्रेटरी माझ्याकडे आला. मी स्पष्ट सांगितलं, माझी मुलगी खेळते आहे. त्याने दोन्ही कर्णधारांना बोलावलं. समोरच्या संघाची शार्लीन गोह, उंच, शांत मुलगी. ती म्हणाली, "आँटी नंदा इज फेअर. वी ऑल नो. कॅन लाह, नंतर अंधार पडेल." इराचीही कर्णधार हो म्हणाली. इराला कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

तर मी मुख्य पंच. सिऊ लिंग मागच्या बाजूला. ती प्राथमिक शाळेत शिकवते, आमच्याच वर्गात आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

इराचा संघ वीस, त्यांचे अठरा. चार सेकंद उरलेले. शेवटची चाल. शार्लीन उजव्या कोपऱ्याकडे धावली, इरा तिच्या पाठोपाठ. चेंडू उंच सुटला. मी फेकणारीच्या मागे उभी होते, मुख्य पंचाने तिथेच उभं राहायचं असतं. चेंडू पोहोचायच्या आधी दोघी एकमेकींवर आदळल्या, शार्लीन पडली, चेंडू पलीकडे जाऊन पडला. सिऊ लिंगने रुमाल टाकला. ती तिथून पाच पावलांवर होती.

बचावाची चूक धरली तर घड्याळ संपलं असलं तरी आणखी एक चाल द्यावी लागते, आणि तीही गोलरेषेजवळून. म्हणून मी सिऊ लिंगला बाजूला घेतलं. विचारलं, "कॅचेबल होता?"

ती म्हणाली, "आय थिंक सो."

मी म्हणाले, मला फार उंच वाटला. मी पुन्हा विचारलं, "आर यू शुअर?" तिने शार्लीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "यू आर द रेफरी."

मी रुमाल उचलायला सांगितला. अनकॅचेबल. सामना संपला.

निर्णय बरोबर होता. माझ्या मनात तसूभरही शंका नव्हती, आणि हे मी कुणीही काही बोलायच्या आधी लिहिते आहे. मुलगी आहे म्हणून चूक झालेली नसताना ती लावायची, हाही अन्यायच झाला असता. तशा वेळी सगळे तो निर्णय देऊन मोकळे होतात, कारण तो सोपा असतो. मी अवघड निर्णय घेतला.

शार्लीनला उठता आलं नाही. गुडघा. स्ट्रेचरवरून नेलं. वाईट वाटलं.

मुली नाचत होत्या. इरा डोक्यावर हात ठेवून मैदानाच्या मध्यात उभी होती. दमली असावी.

रविवार, २१ सप्टेंबर

ग्रुपवर दोनशे सोळा मेसेज. कुणाच्या तरी भावाने व्हिडिओ काढलेला, पण तो बाजूने. त्यात दोघी दिसतात. चेंडू फ्रेमच्या वरून जातो आणि थेट जमिनीवर पडलेला दिसतो. म्हणजे नेमकं जे बघायचं तेच नाही. मी तो चाळीसेक वेळा पाहिला असेल.

कर्टिसचा जकार्ताहून फोन. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू कुठे उभी होतीस?"

"जिथे उभं राहायचं तिथे."

"आणि सिऊ लिंग?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "झेलण्याजोगा होता की नाही हे जवळच्याने सांगायचं असतं, नंदा. लांबच्याने ऐकायचं असतं."

मी त्याला पुस्तकातला क्रमांक सांगितला, मुख्य पंचाचा निर्णय अंतिम. तो म्हणाला, "हो. तो प्रश्नच नाही."

मग कुठला प्रश्न आहे ते त्याने सांगितलं नाही.

सकाळी इरा कपडे न घेताच हॉस्टेलवर गेली. पोहे तसेच राहिले. मी म्हणाले, मेडल तरी दाखव बाबांना. म्हणाली, "बॅगेत आहे कुठेतरी."

मंगळवार, २३ सप्टेंबर

शार्लीनच्या गुडघ्याचा लिगामेंट पूर्ण तुटलाय. ऑपरेशन करावं लागणार. नऊ महिने ते वर्ष. पुढच्या महिन्यात देशाच्या संघाची निवडचाचणी आहे, तिथे तिचं नाव होतं म्हणे. हे सगळं ग्रुपवरून कळलं. मला थेट कुणी काही सांगत नाही.

त्यांच्या संघाने तक्रार केली. समितीने माझं लेखी म्हणणं मागितलं. दोन पानं लिहिली: चेंडू सुटला तो कोन, तो पडला ती जागा, नियमाचं कलम. सहकारी पंचाला स्वतःच्या निरीक्षणाबद्दल खात्री नव्हती, असंही लिहिलं.

आज ऑफिसात एका माणसाची चौकशी होती. त्याने चुलतभावाच्या कंपनीचा अर्ज स्वतः मंजूर केला होता आणि नातं कुठेही नोंदवलं नव्हतं. तो पुनःपुन्हा एकच सांगत होता, "मॅडम, अर्ज बरोबरच होता. दुसऱ्या कुणीही मंजूरच केला असता." मी त्याला समजावलं की अर्ज बरोबर होता की नाही हा मुद्दाच नाही. त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काही माणसांची तेवढी झेपच नसते.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी निशिकांतला घेऊन मैदानावर गेले. बरोबर मोजपट्टी, चार शंकू आणि चेंडू. व्हिडिओवरून चेंडू पडला ती जागा काढली, शार्लीन पडली ती जागा काढली. मध्ये अंतर दोन मीटर दहा. मग शार्लीनच्या जागी निशिकांतला उभं केलं आणि मी चेंडू फेकायला लागले.

"मला बावन्न वर्षं झाली आहेत," तो म्हणाला.

"तुला फक्त हात वर करायचाय."

माझे फेकलेले चेंडू आधी कुठेही जात होते. विसाव्यापासून जरा जमायला लागलं. एकूण तीस चेंडू. त्यातले सव्वीस त्याच्या डोक्यावरून गेले, तीन बाजूला. एकदा त्याने दोन पावलं मागे टाकून उडी मारली आणि चेंडू चक्क बोटांना लावला. तो मी धरला नाही, कारण त्याला कुठे पडणार हे आधीच ठाऊक होतं.

घामाने चिंब होऊन तो गवतावर बसला. "नंदा, तुला काय सिद्ध करायचंय?"

"की तो झेलता आला नसता."

"आणि तिला कुणी अडवलं नसतं तर तिनेही दोन पावलं मागे टाकली असती ना?"

मी म्हणाले, घरी चल, ऊन चढलंय.

बुधवार, १ ऑक्टोबर

समितीचा निकाल आला. पंचाने डोळ्यांनी पाहून दिलेल्या निर्णयाविरुद्ध तक्रार चालत नाही. निकाल कायम. पंचांच्या चोख सेवेबद्दल आभार.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

समितीने माझं म्हणणं दोन्ही संघांना आणि पंचांना पाठवलं होतं. संध्याकाळी सिऊ लिंगचा मेसेज, तिने पंचगिरी सोडली. मी फोन केला. तिने उचलला आणि नेहमीसारखं "हॅलो आँटी" म्हणाली, त्यामुळे मला आधी काही झालंच नाही असं वाटलं.

"तुम्ही लिहिलंत की मला खात्री नव्हती."

"तूच म्हणालीस, आय थिंक सो."

"आँटी, तुमच्यापेक्षा मोठ्या माणसाशी बोलताना तुम्ही काय म्हणता? मी मोठ्यांशी बोलताना 'आय थिंक सो' म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ 'येस' असतो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, तेव्हा मला कळलं की तुम्हाला कुठलं उत्तर हवंय."

मी म्हणाले, तसं नाही गं.

"इट्स ओके, आँटी. मी चिडले नाहीये. फक्त मला आता ते मैदान नको वाटतं. त्यापेक्षा शाळेतली मुलं बरी."

मी वीस तारखेचं पान उघडून पाहिलं. सगळं तिथेच लिहिलेलं आहे. तिने कुणाकडे पाहिलं, कुठल्या क्रमाने पाहिलं. मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, आणि खाली लिहिलंय की तसूभरही शंका नव्हती.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

इरा न कळवता आली. निशिकांत ऑफिसात होता. मी सुट्टी घेऊन श्रीखंड करत होते. चक्का टांगलेला तसाच राहिला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली, आत आलीच नाही.

"आई, मी शार्लीनकडे गेले होते. तिला सांगून आले, आता तुला सांगते. चेंडू तिच्या हातात येत होता."

मी हात धुतले. पुसले. तोवर ती थांबली.

"म्हणून तर मी तिला धरलं. शर्ट धरला, मागून. तुला आदळलो असं दिसलं असेल. मी मुद्दाम धरलं. कॉलेजवाले सगळे करतात ते, चेंडू जाऊ देण्यापेक्षा पेनल्टी घ्यायची. कर्टिसनेच क्लिप दाखवली होती आम्हाला. मला वाटलं, रुमाल पडेल, आणखी एक चाल मिळेल, आम्ही ती अडवू. रुमाल पडलासुद्धा. मी जागा घ्यायला निघाले होते. आणि तू तो उचलायला लावलास."

"मला खरंच वाटलं, इरा, की तो उंच..."

"तुला वाटलं मी अडवू शकणार नाही."

"असं मी कधी..."

"एकच चाल होती, आई. आम्ही जिंकलो असतो. किंवा नसतो. आता आयुष्यभर कळणार नाही. लोक म्हणतात, आईने जिंकवलं. बरोबरच म्हणतात." तिचा आवाज इतका सपाट होता की मला तिचा चेहरा पाहावेना. "आणि तिचा गुडघा माझ्यामुळे गेला आणि मला कोणी काही बोललंसुद्धा नाही. पेनल्टीसुद्धा नाही. यू नो हाऊ दॅट फील्स? मी केलं, आणि ते झालंच नाही असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस."

मी तिच्याकडे गेले. ती मागे सरली, रागाने नाही, सवयीने सरावं तशी. मग सोन्याची पानं द्यावीत तशी एक पिशवी ओट्यावर ठेवली. आत मेडल.

"हे मी परत द्यायला गेले होते. घेत नाहीत. म्हणाले, एकटीने देता येत नाही, पूर्ण संघाने द्यावं लागतं. बाकीच्या म्हणाल्या, यू वॉन्ट टू बी हिरो, यू गो लाह, आम्ही का द्यायचं? आता माझ्याशी कोणी बोलत नाही."

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी होते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

समितीला पत्र लिहिलं. चार वाक्यं. मी मुख्य पंच व्हायला नको होतं. सहकाऱ्याने चेंडू झेलण्याजोगा असल्याचं सांगितलं होतं. मी ते चुकीचं नोंदवलं. निर्णय चुकीचा होता आणि त्याचा फायदा माझ्या मुलीच्या संघाला झाला.

हे लिहायला तेरा दिवस आणि तीस चेंडू लागले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

उत्तर आलं. पत्राची नोंद घेतली आहे. प्रकरण बंद झालं असल्याने पुन्हा उघडता येत नाही. सामना पुन्हा खेळवण्याची तरतूद नाही. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. पुढच्या मोसमात आपली सेवा मिळेल अशी आशा.

मी सेक्रेटरीला फोन केला. म्हणाले, मला काहीतरी शिक्षा करा, निलंबित करा, यादीतून नाव काढा. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "आँटी, पंच आधीच कमी आहेत."

कर्टिसकडे गेले आणि रुमाल परत दिला. त्याने तो घेतला, घडी करून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, आता काय करू? अकरा वर्षांत तुझ्याकडून असं झालं असेल ना? तेव्हा काय केलंस?

"झालं होतं," तो म्हणाला. "मीही पत्र लिहिलं. त्या मुलाला भेटायचा प्रयत्न केला. तो भेटला नाही." मग उठून त्याने मला पाणी दिलं. पुढे काही सांगेल म्हणून मी थांबले. पण गोष्ट तेवढीच होती.

सोमवार, २० ऑक्टोबर. दिवाळी

शार्लीनचं ऑपरेशन दहा तारखेला झालं. इरा आठवड्यातून तीनदा सेम्बावांगला जाते तिच्याकडे. हे निशिकांतने सांगितलं. ती त्याला सांगते.

आज तासभर आली. तेल लावू दिलं नाही. चकली खाल्ली, पाया पडली, आधी त्याच्या, मग माझ्या. मी डोक्यावर हात ठेवला तेव्हा केस ओले होते. फार बोलावंसं वाटलं. "नीट जा," एवढंच म्हटलं.

रविवार, २ नोव्हेंबर

गेले एकदाची. इराला विचारलं होतं, येऊ का तुझ्याबरोबर? दोन दिवसांनी उत्तर आलं, "ये हवं तर. रडू नकोस."

सेम्बावांगला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. दार शार्लीनच्या आईने उघडलं. मिसेस गोह सुपरमार्केटमध्ये काम करतात, तोच शर्ट अंगात होता, तासाभरात शिफ्ट होती. मी पेरू आणि पपई नेली होती. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, मला पंख्याखाली बसवलं, बार्लीचं पाणी दिलं. त्यांना खेळातलं काही कळत नाही. पण मी कोण ते कळलेलं होतं.

"यू आर द रेफरी, इज इट?"

"येस."

"माय डॉटर से, दॅट बॉल कॅन कॅच. कॅन ऑर नॉट?"

इरा शार्लीनच्या पायाखालची उशी सारखी करत होती, तिचा हात थांबला.

"कॅन," मी म्हणाले. "आय वॉज राँग. आय ॲम व्हेरी सॉरी."

मिसेस गोहनी मान हलवली. रागावल्या असं नाही, एखाद्या दुकानाची वेळ विचारावी आणि ती कळावी तशी. "ओह. सो कॅन," असं म्हणून त्या पेरू धुवायला आत गेल्या.

मग मी शार्लीनकडे वळले. घरून ठरवून आणलेलं बोलायला सुरुवात केली: मी तुझा विश्वास... तिने हात वर केला.

"आँटी, प्लीज. इरा सेड सॉरी, कोच सेड सॉरी, एव्हरीबडी सेज सॉरी. मग मला म्हणावं लागतं, इट्स ओके. अँड इट्स नॉट ओके. आय ॲम सो टायर्ड ऑफ सेइंग इट."

मी तोंड मिटलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी पियानो शिकत होतं, तीच ओळ पुनःपुन्हा चुकत होतं.

थोड्या वेळाने इरा म्हणाली, "व्यायामाची वेळ झाली." शार्लीनला पलंगावर सरळ झोपायचं असतं आणि दुसऱ्याने टाच धरून पाय हळूहळू तिच्याकडे सरकवायचा, म्हणजे गुडघा वाकतो. नव्वद अंशांपर्यंत जायला हवा, अजून जात नाही. फिजिओने भिंतीवर कागद चिकटवलाय, त्यावर रोजचा आकडा. कालचा होता सत्तर.

"मी धरू का?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. काहीतरी करायला हवं होतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शार्लीन म्हणाली, "कॅन. स्लोली, हं आँटी."

मी तिची टाच हातात घेतली. गार होती. गुडघ्यावर जखमेची पट्टी, आणि मांडी केवढीशी झालेली. तीच मुलगी दीड महिन्यापूर्वी माझ्यासमोरून वाऱ्यासारखी जायची. मी सरकवायला लागले. पन्नासपर्यंत ती नुसती छताकडे बघत होती. साठला तिने चादर मुठीत धरली. इरा गुडघ्याशी कोनमापक लावून आकडे सांगत होती, पासष्ट, अडुसष्ट. सत्तरला शार्लीनच्या घशातून बारीक आवाज आला आणि मी थांबले.

"मोअर," ती दात आवळून म्हणाली.

मी हलले नाही.

"आई, थांबू नकोस," इरा म्हणाली. "जास्त झालं की ती सांगते. तू नको ठरवूस."

मला ते कळत होतं. हातांना कळत नव्हतं. मी तिचा चेहरा पाहिला, डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि ती पुन्हा म्हणाली, "आँटी, मोअर." मी प्रयत्न केला. बोटं घट्ट झाली होती, पाय पुढेही जाईना आणि सोडताही येईना.

इराने कोनमापक खाली ठेवला. माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि माझ्या हातांतून तो पाय काढून घेतला. अगदी हलकेच, तिला किंवा मला धक्का लागू नये असा. मग सरकवायला लागली. एकाहत्तर. त्र्याहत्तर. शार्लीनने तिच्या खांद्यात बोटं रुतवली. पंचाहत्तर. "बस," शार्लीन म्हणाली, आणि इरा तिथल्या तिथे थांबली.

मिसेस गोह पेरूची बशी घेऊन आल्या होत्या. त्यांना वाट द्यायला मी उठून भिंतीला लागून उभी राहिले. त्यांनी कागदावर पेनने आजचा आकडा लिहिला. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मुद्दाम पाहिलं नाही असंही नव्हतं. त्या तिघी कामात होत्या.